मदत हवी आहे: मेकॅनिकलला निघालेल्या मुलीसाठी लॅपटॉप, बजेट ६० हजार

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. जुना लेथ बघायला गेलो तर चकाजवळ बेडवर बोट फिरवून किती झिजलाय ते सांगतो. परवा लॅपटॉपच्या दुकानात मात्र तासभर नुसती मान हलवत उभा होतो. म्हणून इथं विचारतोय.

मुलीला मेकॅनिकलला प्रवेश मिळालाय. कॉलेज गोकुळ शिरगावच्या बाजूला आणि आम्ही फुलेवाडीत, म्हणजे गावाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला. रोज केएमटीची बस बदलून जायचं, आणि सकाळच्या गाडीत उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ.

आतापर्यंत तीन जणांनी तीन दिशांना ओढलंय.

दुकानातला पोरगा म्हणाला, “मेकॅनिकल म्हटल्यावर ग्राफिक कार्ड पायजेच साहेब.” दाखवला तो आरटीएक्स ३०५० चा गेमिंग लॅपटॉप, ७८ हजार. चार्जर हातात घेतला तर अर्धी वीटच. मी म्हटलं, वजन करून बघू या. शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर दोन्ही ठेवलं, २ किलो ८५० भरलं. किराणावाला म्हणतो, बिल कशाचं करू? पोरीनं एका हातात उचलून बघितलं आणि काही न बोलता खाली ठेवलं.

मेहुणे म्हणतात, पहिल्या वर्षाला नवा कशाला? ऑफिसमधून निघालेले वापरलेले २५ हजारात मिळतात, तो घ्या.

आणि पोरीला हवाय मॅक. मैत्रिणीनं घेतलाय, एवढं कारण पुरेसं आहे.

माझे प्रश्न साधे आहेत. ग्राफिक कार्ड खरंच लागतं का? ८ जीबी रॅम घेऊन पुढं वाढवली तर चालेल का? आणि दुकानात उभा असताना मी नेमकं काय तपासू? बोट कुठं फिरवायचं तेवढं सांगा.

प्रतिसाद

ऑनलाइन सेलची वाट बघा. आणि वर्कशॉपच्या जीएसटी नंबरवर बिल घ्या, १८ टक्के सुटतील.

प्रतिसाद

वरचा सल्ला ऐकू नका भाऊ. वस्तू धंद्यासाठी वापरली तरच भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येतं. पोरगी वर्गात बसून ड्रॉइंग काढणार, त्याचं क्रेडिट घेतलंत तर उद्या नोटीस तुमच्या नावानं येईल, सल्ला देणाऱ्याच्या नव्हे.

प्रतिसाद

मी कागल-हातकणंगले एमआयडीसीत डिझाइनला आहे, दिवसभर हेच काम. जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षाला ड्रॉइंगसाठी ऑटोकॅड आणि थोडं प्रोग्रॅमिंग. त्याला कसलंही कार्ड लागत नाही. पुढं सॉलिडवर्क्स किंवा क्रिओ ही थ्रीडी डिझाइनची सॉफ्टवेअर येतील. त्यात पार्ट काढायचं काम बहुतेक प्रोसेसरच्या एका कोअरवर, म्हणजे आतल्या एकाच कामकऱ्यावर चालतं, त्यामुळं कोअर किती आहेत यापेक्षा एकेक कोअर किती चपळ आहे ते महत्त्वाचं. विद्यार्थ्याच्या वीस-पंचवीस पार्टच्या असेंब्लीला प्रोसेसरच्या आतलंच ग्राफिक पुरतं. शिवाय आरटीएक्स ३०५० हे गेमिंगचं कार्ड. सॉलिडवर्क्सवाले ज्या कार्डांना मान्यता देतात त्या यादीत वर्कस्टेशनची कार्डं असतात. म्हणजे ‘मेकॅनिकलला पायजेच’ म्हणून जे विकलं जातंय ते मेकॅनिकलसाठी बनलेलंच नाही. सिम्युलेशन, म्हणजे पार्टवर भार टाकून संगणकावरच तपासणं, शेवटच्या वर्षाला लागेल. त्यासाठीच्या ॲन्सिस सॉफ्टवेअरची विद्यार्थी आवृत्ती फुकट आहे, तिच्यात मॉडेलच्या आकारावर मर्यादा असते, आणि मोठं काही असलं तर कॉलेजची लॅब आहेच.

मॅक चांगलं मशीन आहे, त्यात वाद नाही. ऑटोकॅड आणि फ्यूजन हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर त्यावर चालतात. पण सॉलिडवर्क्स आणि क्रिओ फक्त विंडोजवर. तिसऱ्या वर्षाला मैत्रिणीचा लॅपटॉप मागायची वेळ येईल, आणि मैत्रिणीकडंही मॅकच आहे.

वापरलेला घ्यायचा असेल तर प्रोसेसरची पिढी बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढंच चालतं. त्याआधीचा कुणी फुकट दिला तरी नको.

रॅम १६ जीबीच घ्या. पूर्वी मीच सांगायचो, ८ चा घ्या आणि वर्षानं रॅमची आणखी एक पट्टी टाका. आता तसं सांगत नाही. एक म्हणजे २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत. दुसरं, पुष्कळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, वाढवायला खाचच नसते.

आता बोट कुठं फिरवायचं ते. दुकानात चालू लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. खाली ‘फॉर्म फॅक्टर’ असं लिहिलेलं असतं. पुढं ‘रो ऑफ चिप्स’ आलं तर रॅम डाग दिलेली. ‘एसओडीआयएमएम’ आलं तर पट्टी आहे, आणि ‘स्लॉट्स यूज्ड’ पुढं १ ऑफ २ दिसलं की एक खाच मोकळी. दुकानदाराला विचारू नका, तो ‘वाढतंय की’ म्हणणारच.

प्रोसेसरच्या नावात मोठी गंमत आहे. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी ठेवले तर कुणालाही वाटेल उन्नीस-बीसचा फरक. त्या मालिकेत तिसरा आकडा आतली रचना सांगतो. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, जुनी रचना, चारच कोअर. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, सहा कोअर. पहिला आकडा ७ बघून माणूस फसतो. इंटेलमध्ये शेवटचं अक्षर बघा. यू म्हणजे कमी वीज खाणारा, एच म्हणजे जोरकस.

प्रतिसाद

काका, मी तिसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकलच. वरच्या दादांनी सांगितलंय ते बरोबर. माझ्याकडून दोनच गोष्टी.

टाइप-सी वरून चार्ज होणारा घ्या. छोटा ६५ वॅटचा चार्जर पुरतो आणि वर्गात कुणाकडंही सापडतो. आमच्या वर्गात ७० पोरं आणि चालू सॉकेट चार.

दुसरं, पहिल्यांदा चालू करताना दुकानदाराला त्याचा ईमेल टाकू देऊ नका. माझ्या वेळेला ‘सेट करून देतो’ म्हणाले आणि आम्ही चहाला गेलो. लॅपटॉपबरोबर आलेलं मायक्रोसॉफ्ट ऑफिस दुकानातल्या कामगाराच्या खात्याला जोडलं गेलं. वर्षभरानं एका अपडेटनंतर निळा पडदा आला, डिस्कचं कुलूप उघडायची रिकव्हरी की मागितली, ४८ आकड्यांची. ती की त्याच खात्यात साठवलेली, आणि तो कामगार नोकरी सोडून गेलेला. माझी सगळी सबमिशनं त्यात होती. मुलीचा ईमेल, मुलीचा पासवर्ड, तिच्या हातानं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल पोरीला घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो. ती तीन बटणं मी आदल्या रात्री पाठ केली होती.

पहिला दाखवला तो ७५२०यू, ८ जीबी. दिसायला झकास, ३८ हजार. मी म्हटलं, जरा बाजूला व्हा, आणि दाबली बटणं. ‘रो ऑफ चिप्स’. पोरगा माझ्याकडं बघायला लागला. म्हणाला, “काका, तुम्ही आयटीत आहात काय?” मी म्हटलं, लेथवर आहे.

शेवटी १४ इंची, इंटेलचा १३४२०एच, १६ जीबी, एक खाच मोकळी, ५१२ जीबीची एसएसडी, टाइप-सी चार्जिंग. ५८,५०० ला पडला. पडदा थोडा मंद आहे, उन्हात बसून दिसणार नाही, पण बजेटात तेवढं सोडावं लागलं. काटा बरोबर नेला होता, आमचा कास्टिंगचा. १ किलो ४८०. पोरगी मॅक विसरली नाही, पण घरी येईपर्यंत ह्या नव्या लॅपटॉपवर दोन स्टिकर लागले होते, म्हणजे पसंत आहे असं धरतो.

ईमेल टाकायला दुकानदारानं कीबोर्ड ओढलाच होता. पोरीनं परत ओढला.

एकच राहिलं. जुलैत आमच्याकडं पाऊस सुरू झाला की आठ-आठ दिवस थांबत नाही, आणि बसस्टॉपला शेड नावालाच. बॅगेला रेनकव्हर पुरतं का?

प्रतिसाद

कव्हर पाठीकडून गळतं काका. आत जाड प्लास्टिकची पिशवी घाला, तोंड खाली दुमडून. पण नुसतं झाकण मिटून पिशवीत घालू देऊ नका. कधीकधी तो आतल्या आत जागा होतो, आणि प्लास्टिकमध्ये भाजून निघतो. शट डाऊन करायचा, दिवा विझलेला बघायचा, मग पिशवी.