भांडं मोडलं, ते नेमकं कुठे? नागपूरच्या स्वयंपाकघरांतले अनुभव

दिवाळीनंतर माझ्या भाचीचं लग्न आहे. बेसा भागात तिने फ्लॅट घेतलाय. परवा म्हणाली, "मावशी, मला मोजक्याच वस्तू घ्यायच्या आहेत, पण पुन्हा पुन्हा घ्याव्या लागणार नाहीत अशा. तू यादी करून दे." बसले यादी करायला आणि पहिल्याच नावावर अडले. सराटा.

(बाहेरगावच्यांसाठी सांगते. सराटा म्हणजे उलथनं. आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात आणि विळीला पावशी. लोखंडाला लागते ती जंग.)

आईचा सराटा अजून माझ्याकडे आहे. एकाच लोखंडी पट्टीतून ठोकून काढलेला, पात आणि दांडा वेगळे नाहीतच. आई उजव्या हाताने खरवडायची, त्यामुळे पातीची एक कड झिजून तिरपी झालीय आणि गंजाच्या बुडाला ती अशी चपखल बसते की खरपुडीचा कण मागे राहत नाही. माझ्या संसारात मात्र मी स्टीलचे तीन सराटे घेतले, आणि तिन्ही एकाच जागी गेले. पात जिथे दांड्याला दोन ठिपक्यांवर चिकटवलेली असते, तिथे. पात शाबूत, दांडा शाबूत, सांधा गेला.

तेव्हापासून दुकानात मी भांडं उलटं करून सांधा कुठे आहे ते आधी पाहते. म्हणून तुम्हा सगळ्यांना विनंती: तुमच्या घरात काय टिकलं, काय मोडलं, नेमकं कुठून मोडलं आणि दुरुस्त झालं का, ते लिहा. कंपनीला किंवा दुकानाला नावं ठेवायची नाहीत. वस्तू कशी होती ते सांगा, म्हणजे भाचीच्याच काय, इतरांच्याही कामी येईल. उत्तराच्या वर आपला भाग लिहा.

महाल

ताई, मी लोखंडी कढईबद्दल लिहिते. आमची कढई बुधवार बाजारातली, वजनावर घेतलेली. तिला सांधा असा एकच, कानांचा, आणि तो रिबिटांचा आहे. वीस वर्षांत एक रिबीट ढिली झाली, ती मिस्टरांनी घरीच ठोकून दिली.

पण नव्या मुली लोखंडी कढई घेतात आणि महिन्याभरात माळ्यावर टाकतात. तिला तयार कसं करायचं ते कोणी सांगत नाही म्हणून. कोऱ्या कढईला जंग लागू नये म्हणून तेल फासलेलं असतं, ते खाण्याचं नसतं. गरम पाणी आणि साबणाने, काथ्या लावून दोनदा घासायची. गॅसवर ठेवून पाण्याचा शेवटचा थेंब उडू द्यायचा. मग फल्लीतेलाचा (शेंगदाण्याच्या तेलाचा) बोळा आतून बाहेरून फिरवायचा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसायची, इतकी की तेल लावलंच नाही असं वाटलं पाहिजे. आता धूर निघेपर्यंत तापवायची. थंड झाली की पुन्हा. पाच वेळा तरी. मी पहिल्यांदा तेल जास्त ठेवलं होतं, तर कढई चिकट झाली, हात लावला की बोट ओढलं जायचं. सगळं घासून पुन्हा सुरुवात केली. एकदा जवसाचं तेलही लावून पाहिलं. थर सुरेख बसला, काळा कुळकुळीत, पण काही दिवसांनी त्याचे पापुद्रे निघायला लागले. फल्लीतेलाचा थर तितका चकाकत नाही, पण धरून राहतो.

अंबाडीची भाजी, चिंचेचं काही, टमाट्याची चटणी तिच्यात शिजवत नाही. आंबट तो थर खातं आणि भाजी काळी पडते. भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात. पावसाळ्यात धुऊन पालथी घालून चालत नाही, गॅसवर मिनिटभर कोरडी करावीच लागते.

बिडाच्या तव्याचं दुःख वेगळं. धिरडी झाल्यावर घाईत तापलेला तवा नळाखाली धरला. टण्ण आवाज आला आणि काठापासून मधोमध रेघ. बीड ओतीव असतं, ते वाकत नाही, तडकतं. त्याला कोणी जोडूनही दिलं नाही. सासूबाईंचा तवा होता तो.

अंबाझरी

मी कारखान्यात 34 वर्षं फिटर होतो, त्यामुळे सांध्याचा विषय निघाला की गप्प बसवत नाही.

भांड्याचा दांडा तीन प्रकारे बसतो: रिव्हेट, स्क्रू किंवा वेल्डिंग. रिव्हेटच्या डोक्याभोवती मळ साचतो, ही बायकोची तक्रार खरी आहे. पण ती ढिली झाली तर ठोकता येते, गेली तर नवी बसवता येते. स्क्रू सैल होतो, पण घरच्या पान्याने आवळता येतो. ठिपक्यांचं वेल्डिंग सुटलं तर घरी काहीही करता येत नाही, आणि वीस रुपयांच्या कामासाठी वेल्डिंगवाला पातळ पत्र्याला हात लावत नाही, कारण पत्रा जळून भोक पडतं. दुकानात गंज पाण्याने भरून दांड्याने उचलून पाहा. रिकामं भांडं कधीच खरं सांगत नाही.

आता कुकर. भाचीसाठी दुसरं काहीही स्वस्त घ्या, कुकर नको. शिट्टीचं वजन आत साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब धरून ठेवतं. त्या दाबाला पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून आपली तूर डाळ इतकी लवकर मऊ होते. हा सगळा जोर झाकणाच्या कडेवर आणि रबरी गॅस्केटवर येतो. गॅस्केट कडक झालं, बोटाने दाबून परत फुगेना, की बदलायचं. मी दर वर्षी बदलतो. झाकणावरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी उष्णतेला वितळणाऱ्या धातूची गोळी असते. कुकर कोरडा पडला किंवा शिट्टीचा मार्ग चोंदला की ती वितळते आणि वाफ सुटते. ती वितळली म्हणजे व्हॉल्व्हने आपलं काम केलं, कुकर खराब निघाला असा त्याचा अर्थ नाही. तोच, त्याच कंपनीचा व्हॉल्व्ह आणून बसवायचा. एका घरी त्या जागी खिळ्याचं डोकं ठोकून बसवलेलं मी स्वतः पाहिलंय. हात जोडून सांगतो, असं कोणी करू नका. कुकरवर आयएस 2347 या मानकाचा आयएसआय शिक्का पाहा. 2021 पासून तो बंधनकारक आहे, तरी बाजारात बिनशिक्क्याचे दिसतात.

स्टीलबद्दल एक गैरसमज. लोक चुंबक घेऊन जातात. चुंबक चिकटलं नाही म्हणजे 304, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टील, असं समजतात. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 या दुसऱ्या प्रतीत निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि चुंबक त्यालाही चिकटत नाही. म्हणजे चुंबकाने हे दोन वेगळे ओळखू येत नाहीत. भांड्यावरचा आकडा आणि पक्कं बिल, एवढंच हाती असतं. चुंबक इंडक्शनसाठी न्या. बुडाला चिकटलं तर भांडं इंडक्शनवर चालेल.

— काका, पाणी भरून उचलायचं हे मला कधीच सुचलं नव्हतं. यादीच्या वरच लिहून ठेवलं. (धागाकर्ती)

टिमकी

आमचं घर कोष्ट्यांचं, आजोबांचा माग होता. सावजी रस्सा घरात आठवड्यातून एकदा तरी होतोच. त्याचा मसाला खमंग भाजायचा आणि पाट्यावर बारीक वाटायचा. आईचा पाटा आता मी वापरते. दगड झिजून गुळगुळीत झाला की वरवंटा नुसता घसरतो, मसाला वाटला जात नाही, चेंगरतो. मग टाकी लावून घ्यावी लागते. पूर्वी गल्लीतून "टाक्ये, पाट्याला टाक्ये" अशी हाक यायची, आता शोधावं लागतं. टाकी मारताना बाई छिन्नी तिरपी धरते आणि एका रेषेत इतक्या जवळ जवळ ठिपके पाडते की पाटा खरखरीत जिभेसारखा होतो. त्या दिवशी त्यावर मसाला वाटायचा नाही. आधी मूठभर तांदूळ आणि जाडं मीठ वाटून फेकायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नाहीतर दगडाची कचकच पोटात जाते.

रोज पाटा जमत नाही, नोकरी आहे. मिक्सर 750 वॉटचा आहे. दगडफूल, मसाला वेलची, सुकं खोबरं, असं सगळं एकदम टाकलं की भांडं थरथरतं. माझ्या मिक्सरचा भांड्याखालचा कपलर दोनदा तुटला, तेव्हा मी चिडले होते. दुरुस्तीवाल्या भाऊंनी समजावलं, "ताई, तो तुटतो म्हणून मोटर वाचते. पातं अडकलं तर आधी हाच स्वस्तातला तुकडा गेला पाहिजे." तेव्हापासून दोन कपलर डब्यात आणूनच ठेवले. भांड्याखालून काळपट तेलकट पाणी झिरपायला लागलं तर पात्याचं बुश गेलेलं असतं. ते लगेच बदला. तसंच चालवलं तर पाणी खाली मोटरीत उतरतं. माझं तसं झालं, आणि मोटर भरून घेण्याचा खर्च नव्या मिक्सरच्या निम्म्याला गेला.

मानेवाडा (माहेर भंडारा)

भंडाऱ्याची मुलगी पितळेबद्दल बोलणार नाही असं कसं होईल! आमच्या गावाची ओळखच पितळी भांड्यांची. लग्नात मला पितळी गंज, कोपर (खोलगट परात) आणि पाण्याच्या दोन गुंड्या मिळाल्या. नागपूरला आल्यावर सगळ्यांनी सांगितलं, कुठे घासत बसतेस, दे मोडीत. गुंड्या दिल्या. तेवढंच आजही मनाला लागतं.

गंज ठेवला, कारण त्यातला भात स्टीलच्या गंजासारखा एका जागी करपत नाही, पितळ उष्णता सगळीकडे सारखी नेतं. अट एकच, आतून कल्हई हवी. कल्हई उडालेल्या गंजात मी एकदा कढी ठेवली आणि ती कळकली. हिरवट कड, तोंडात कडवट चव, सगळी ओतून दिली. ताक, चिंच, लिंबू यांचा पितळेशी कल्हईशिवाय संबंध येऊ देऊ नका.

कल्हई होताना मुलांना मुद्दाम उभं करते. गंज भट्टीवर तापला की कल्हईवाले काका नवसागराची चिमूट टाकतात. पांढरा धूर उसळतो, नाकाला झोंबतो, आणि पितळेवरचा काळेपणा निघून जातो. मग कथलाची कांडी नुसती टेकवली की ती वितळते. कापसाच्या बोळ्याने ते गरगर फिरवलं की दोन क्षणांत अख्खा पिवळा गंज आतून चांदीसारखा. लगेच पाण्यात, चर्र. कथील 232 अंशांनाच वितळतं, म्हणून असा गंज रिकामा गॅसवर ठेवायचा नाही आणि त्यात कोरडं काही भाजायचं नाही. तारेच्या घासणीनेही घासू नका. काका वर्षातून दोनदा येतात, त्यांचा मुलगा हे काम करत नाही.

हिंगणा रोड

मी एकटा राहतो, फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या वर्षी नॉनस्टिक तवा घेतला. मोठ्या आचेवर रिकामा तापवत ठेवायचो आणि स्टीलच्या चमच्याने ऑम्लेट उलटायचो. सहा महिन्यांत खवले निघाले. तो लेप 260 अंशांच्या वर टिकत नाही, हे नंतर कळलं. आता महालवाल्या काकू म्हणतात तशी लोखंडी कढई आणि एक जाड बुडाचा गंज, एवढ्यावर पोहे, आलूची भाजी, खिचडी सगळं होतं.

पुणे (मूळ नागपूर)

आजीची पावशी मी सोबत आणली. इथे सगळे चाकू वापरतात, पण वांग्याच्या फोडी आणि पालेभाजी मला पावशीवरच जमते. दोन्ही हात मोकळे राहतात. पातं साध्या लोखंडाचं आहे, म्हणून पाटीच्या दगडावर दहा मिनिटांत धार येते. वापरून झालं की पुसून तेलाचं बोट फिरवायचं. पातं लाकडात जिथे बसतं तिथला बोल्ट एकदा ढिला झाला होता आणि पातं हललं. हात थोडक्यात वाचला. आता दर महिन्याला आवळते. लहान मूल घरात असेल तर पातं मिटणारीच घ्या.

नंदनवन

मला अनुभवापेक्षा मदत हवी आहे. आजेसासूबाईंचा पितळी सोऱ्या आहे. आटे अजून इतके छान आहेत की फिरवताना हाताला झटका बसत नाही. दर उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया आणि शेवया त्यानेच. पण घर बदलताना कुरडईची चकती हरवली. बाजारातल्या चकत्या एक तर आत पडतात, नाही तर बसतच नाहीत. कोणी करून देईल का?

अंबाझरी

होईल, ताई. तुमच्याकडची शेवेची चकती फेकू नका, तोच नमुना. ती आणि सोऱ्या दोन्ही घेऊन लेथवाल्याकडे (यंत्रावर धातू कातून देणाऱ्याकडे) जा, नुसतं माप सांगू नका. जुन्या सोऱ्यांचं माप बाजारातल्याशी जुळेलच असं नाही. चकती पितळेची मागू नका. लेथवर सहज कापलं जावं म्हणून बाजारच्या पितळी दांड्यांत बहुधा शिसं मिसळलेलं असतं, खाण्याच्या वस्तूला ते नको. 304 स्टीलची पट्टी घ्या. भोकं आतल्या बाजूला जरा रुंद आणि बाहेर निमुळती करायला सांगा, म्हणजे चीक अडकणार नाही आणि दांडा फिरवायला जोर कमी लागेल. कडा आतून कानशीने मोडून घ्या, नाहीतर कुरडईचे तार फाटतात. उन्हाळ्याला वेळ आहे, पण काम आत्ताच टाका. मार्चमध्ये त्याच्याकडे कूलरच्या कामांची रांग लागते.