ब्रिटनमधली पहिली पायी भटकंती, गळ्यात कॅमेरा: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची:
पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं ब्रिटनमध्ये पायी फिरायला जायचं म्हणतोय. लंडन जाता-येता पुरे, बाकी डोंगर, तळी, समुद्रकाठ. गाडी चालवायची नाही. सह्याद्रीत चालायची सवय आहे, पण तिकडच्या वाटांचा काहीच अंदाज नाही. त्यात नवऱ्याचा कॅमेरा, म्हणजे दर शंभर पावलांना मुक्काम! 'दहा प्रेक्षणीय स्थळं' नकोत. स्वतः चालून आलेल्यांनी लिहा: एका जागी राहून रोज वेगळी वाट धरावी की लांब पल्ला सलग चालावा? सामान किती? पोटाचं काय? विषयांतर चालेल, पळेल.

प्रेस्टनकर:
पहिल्यांदा येताय आणि सोबत कॅमेरा आहे, तर एका जागी तळ ठोका. वायव्य इंग्लंडमधला तळ्या-डोंगरांचा भाग म्हणजे लेक डिस्ट्रिक्ट, तिथलं केझिक गाव मी डोळे झाकून सुचवेन. लंडनच्या यूस्टनहून रेल्वेने ऑक्सनहोम, तिथे गाडी बदलून विंडरमियर, पुढे ५५५ नंबरची बस थेट केझिकला.

कारण एकच, उजेड. सलग वाटेवर संध्याकाळपर्यंत पुढचा मुक्काम गाठायचा असतो, त्यामुळे नेमक्या चांगल्या जागी आपण भर दुपारी उभे असतो. मुक्काम हलत नसेल तर तीच जागा हव्या त्या वेळी परत गाठता येते. केझिकला लागून डर्वेंटवॉटर तळं आहे. अलीकडच्या, म्हणजे पूर्व काठावर फ्रायर्स क्रॅग नावाचं टोक, पलीकडे पश्चिमेला कॅटबेल्सचा डोंगर, उंची ४५१ मीटर. सकाळचं ऊन कॅटबेल्सवर समोरून पडतं, तेव्हा तो फ्रायर्स क्रॅगवरून काढायचा. त्याच वेळी डोंगरावर गेलात तर सूर्य सरळ लेन्समध्ये. डोंगर संध्याकाळी चढायचा: लाँचने हॉज एंडच्या धक्क्यावर उतरायचं, वर जायचं (दोन-तीन ठिकाणी हात टेकावे लागतात, खडक बुटांनी घासून गुळगुळीत झालाय), आणि सूर्य पाठीशी ठेवून खालचं तळं, त्यातली बेटं, गाव आणि मागचा स्किडॉ डोंगर काढायचा. मेच्या मध्यावर तिथे सूर्य नऊच्या सुमारास मावळतो. शेवटची लाँच त्याच्या कितीतरी आधी सुटते, तेव्हा पोर्टिनस्केलवरून गावापर्यंतचं चालणं आणि टॉर्च हिशेबात धरा.

वेळेच्या अंदाजासाठी लोक अजून नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा नियम वापरतात: ताशी ५ किलोमीटर, शिवाय दर ६०० मीटर चढाईला एक तास जास्त. कॅमेरेवाला सोबत असेल तर येईल त्या उत्तराची दुप्पट करा. नेस्मिथसाहेबांना फोटोची हौस नसावी.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा, १:२५,००० प्रमाणाचा, नारिंगी कव्हरवाला. केझिक आणि कॅटबेल्ससाठी ओएल ४ नंबरचा. हिरव्या तुटक रेघा म्हणजे सर्वांना चालायचा हक्क असलेल्या वाटा. फोनवर ॲप आहेच, पण दरीत रेंज नसते आणि थंडीत बॅटरी भराभर उतरते.

सह्यभटक:
प्रेस्टनकरांशी अर्धा सहमत. फोटोच हवे असतील तर त्यांचं बरोबर. पण सलग चालण्याची मजा वेगळीच, आणि ती पहिल्या खेपेला का घेऊ नये? मी वेस्ट हायलँड वे चाललो. ग्लासगोजवळच्या मलगायपासून फोर्ट विल्यमपर्यंत ९६ मैल, १९८० साली अधिकृतपणे सुरू झालेली वाट. मोठी बॅग रोज पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या कंपन्या आहेत, त्यामुळे पाठीवर दिवसापुरतंच ओझं. खोल्या मात्र वेळेत घ्या. वाटेवरची गावं चिमुकली आहेत. मेच्या खोल्यांसाठी जानेवारीत फोन फिरवायला लागलो तेव्हा बऱ्याच ठिकाणी 'फुल' ऐकलं.

वाटेतल्या रॅनक मूर या माळावर दूरवर आडोसा नाही. पाऊस आडवा येतो. तिथे कॅमेरा बॅगेतच होता आणि त्याचं काही वाटलं नाही, कारण समोर फोटोत मावण्यासारखं नव्हतंच: पाणथळ माळ, करडं आभाळ, मधे रेघेसारखी वाट. पुढे ग्लेन को या दरीच्या तोंडाशी ब्युकल एटिव्ह मोर हा सुळका आणि त्याच्या पायथ्याचं पांढरं घर, लागनगार्व. कॅलेंडरवर पाहिलं असेलच. हमरस्ता लागून असल्यामुळे तिथे ट्रायपॉडांची रांग लागते. तुमचाही फोटो तसाच येईल. काढून घ्या आणि पुढे डेव्हिल्स स्टेअरकेस नावाची चढण चढून मागे वळून बघा.

मेमध्ये जाताय ते उत्तम. जूनपासून मिज नावाची चिलटं थव्याने येतात. वारा पडला की चेहऱ्यावर, कानात, व्ह्यूफाइंडरमध्ये, सगळीकडे.

लेन्सवाली:
सामानाबद्दल. एक बॉडी, एक २४-१०५ झूम लेन्स, फार तर एक हलकी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी लेन्स). सगळे वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणाऱ्या लेन्सच्या मागे असतात, पण तिथले डोंगर वाइडमध्ये बसके दिसतात. एकामागे एक उतार, त्यावर चढत गेलेल्या दगडी गडग्यांच्या रेघा, मधे ठिपक्यांसारख्या मेंढ्या, हे टेलिफोटोचं काम.

पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, न्याच. निळ्या आभाळासाठी नाही, ते नशिबात असेल तर दिसेल. ओल्या पानांवरची, ओल्या पाटीच्या छपरांवरची चकाकी त्याने उतरते आणि खालचा रंग वर येतो. लेन्स पुसायला मायक्रोफायबर ओला झाला की नुसता चोपडतो. जुन्या सुती धोतराचे तुकडे नेले होते, त्यांनी काम झालं. सॅकवरचं रेनकव्हर वाऱ्याने उडतं, म्हणून आत ड्राय बॅग. आणि थंडीतून उबदार पबमध्ये शिरलात की कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. बॅग बंद ठेवून अर्धा तास चहा प्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं.

जादा बॅटऱ्या विमानात हातातल्या बॅगेत. तिकडचं सॉकेट तीन चौकोनी पिनांचं, आपला प्लग बसत नाही. ड्रोन घरीच ठेवा: लेक डिस्ट्रिक्टमधली बरीच जमीन नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची आहे आणि ते तिथून ड्रोन उडवू देत नाहीत.

दशमीदही:
शाकाहारी असाल तर नाश्त्याची काळजी नको. बी अँड बीमध्ये (मुक्काम आणि नाश्ता देणारी घरं) आदल्या रात्री सांगितलं की मश्रूम, बीन्स, टोमॅटो, टोस्ट मिळतं. दुपारचं मात्र सकाळीच बरोबर घ्या. डोंगरावर टपरी नाही, लिंबू सरबत नाही, काही नाही! उत्तरेकडे, विशेषतः यॉर्कशायरमध्ये, बऱ्याच दुकानांत बटाट्याच्या चिप्स गोमांसाच्या चरबीत तळतात, विचारून घ्या. घरून नेताना दुधाचे पदार्थ टाळा. भारतातून तूप, पेढे, खवा न्यायला बंदी आहे, मांसालाही. आम्ही शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट नेलं, ब्रेडला तेवढा आधार पुरला.

सह्यभटक:
आपल्याकडच्या लोकांसाठी एक राहिलंच. ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर बेन नेव्हिस १३४५ मीटर, म्हणजे तोरण्याहून बुटका, कळसूबाई तर १६४६. आकडे बघून 'ह्यॅ, एवढंच' म्हणू नका. चढाई जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते, मेमध्येही वर बर्फ असू शकतो, आणि माथा बहुतेक वेळा ढगात असतो. आपण भिजतो ते कोमट पावसात. तिथे भिजून वाऱ्यात उभं राहिलं की बोटं शटरवर वळत नाहीत. कॉटनचे कपडे नकोत, जीन्स तर नकोच. डोंगरातल्या हवामानाचा वेगळा अंदाज माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस रोज देते. त्यात माथ्यावरचा वारा आणि ढगाबाहेर राहण्याची शक्यता दिलेली असते. कॅमेरेवाल्याला दुसरा आकडा सोन्यासारखा. काही झालंच तर ९९९ लावून आधी पोलीस, मग माउंटन रेस्क्यू मागायचं. ती मंडळी स्वयंसेवक असतात, पैसे घेत नाहीत.

रेडिंगचे आजोबा:
लेकाकडे आलो की आम्ही म्हातारा-म्हातारी दक्षिण किनाऱ्यावरच्या सेव्हन सिस्टर्स कड्यांना जातो. तुम्हाला लंडनमधून एका दिवसात जमेल. व्हिक्टोरियाहून लुईस, तिथे बदलून सीफर्ड. सीफर्ड हेड ओलांडलं की उतारावरच्या कोस्टगार्डच्या जुन्या घरांमागे पांढऱ्या कड्यांची रांग दिसते. दुपार कलल्यावर कड्यांवर ऊन चांगलं येतं. नकाशावर वाटतं की मधली ककमियर नदी सहज ओलांडू, पण मुखापाशी पूल नाही. आत एक्सीटपर्यंत जाऊन यावं लागतं. पुढे चढउतार मोजत बर्लिंग गॅप, बीची हेड आणि ईस्टबोर्न, एकूण वीसेक किलोमीटर. आम्ही एक्सीटलाच बस पकडतो. कड्याच्या काठावर फोटोला बसणारी पोरं पाहून पोटात गोळा येतो. तो खडू आहे, खालून पोखरलेला असतो आणि न सांगता ढासळतो.

गोदाकाठची:
किती छान लिहिताय सगळे! एक शंका. या वाटा म्हणे लोकांच्या शेतांतून, गुरांमधून जातात. कोणी हटकत नाही?

डर्बीकर:
नाही हटकत. इंग्लंड-वेल्समध्ये वाटेवरच्या खुणेचा पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट, निळा बाण म्हणजे घोडा-सायकलही चालते. वाट शेतातून असली तरी चालायचा हक्क कायद्याने आहे. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर फिरता येतं, अर्थात लोकांच्या अंगणात नव्हे. फाटक जसं सापडलं तसं ठेवायचं: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं.

गुरांचं मात्र ऐका. वासरं सोबत असलेल्या गाईंच्या मधून जाऊ नका. आपल्या गोठ्यातली गाय डोळ्यांपुढे ठेवून लोक जवळ जातात, फोटोसाठी गुडघ्यावर बसतात. लांबून वळसा घाला, वाट सोडावी लागली तरी चालेल. दुसरं, गवतात गोचीड असते आणि तिच्यापासून लाइम हा आजार होऊ शकतो. रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत बघायचं. चिमट्याने सरळ ओढून काढायची, चिरडायची नाही.

लेन्सवाली:
पावसाची भीती असेल तर पूर्वेकडे सरका. केझिकच्या दक्षिणेला बॉरोडेलमधलं सीथवेट हे इंग्लंडमधल्या सर्वांत पावसाळी वस्त्यांपैकी एक. पूर्व किनाऱ्याकडे जाल तसा पाऊस झपाट्याने उतरतो, महाबळेश्वर सोडून वाईला उतरल्यासारखं. मी त्या हिशेबाने उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियनच्या रोमन भिंतीवर गेले होते. सगळी वाट ८४ मैलांची आहे, पण स्टील रिगपासून हाउसस्टेड्सच्या रोमन किल्ल्यापर्यंतचा तुकडाच फोटोंसाठी पुरेसा. हॉल्टव्हिसल स्टेशनपासून हंगामात बस आहे, तिचा नंबर एडी १२२, भिंतीचं काम सुरू झालं ते साल. सिकॅमोर गॅप नावाच्या खळग्यातलं ते प्रसिद्ध एकटं झाड २०२३ च्या सप्टेंबरमध्ये रात्रीतून कापलं गेलं. लोक तरीही खळग्याचेच फोटो काढतात. मला जास्त आवडली ती थोडं पुढची जागा: भिंत कड्याच्या धारेवरून वरखाली जाते, खाली क्रॅग लॉक तळं. सूर्य खाली असताना दगडांच्या सावल्या पडतात तेव्हा काढा, आणि भिंतीवर चढू नका.

प्रेस्टनकर:
तारखांबद्दल: मेमध्ये पहिला आणि शेवटचा सोमवार बँक हॉलिडे, म्हणजे सार्वजनिक सुट्टी. शेवटचा आठवडा शाळांना सुट्टी, खोल्या महाग. ५ ते २० च्या मधे या. ब्लूबेलची फुलं तेव्हा जंगलात निळीशार असतात, उत्तरेकडे थोडी उशिराच. वाट सोडून फुलांत पाय ठेवू नका, तुडवलेली रोपं सावरायला काही वर्षं घेतात. रविवारी रेल्वेच्या दुरुस्त्या निघतात, प्रवास शक्यतो सोमवार ते शुक्रवारात ठेवा. दोघांना मिळून टू टुगेदर रेलकार्ड घेतलंत तर तिकिटावर एक तृतीयांश सूट.

गोदाकाठची:
ठरलं. आधी केझिक, मग भिंत, शेवटी लंडनहून सेव्हन सिस्टर्स. स्कॉटलंड पुढच्या खेपेला, सह्यभटक रागावू नका. नवरा विचारतोय, ट्रायपॉड आणू का?

लेन्सवाली:
त्याने स्वतः उचलायचा असेल तर आणू दे.