मदत हवी आहे: घराचं छप्पर बदलताना सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) नोटीस (पेडणे, गोवा), तातडीचं

वेळेवरची_लाट
नमस्कार. पावसाला तीन आठवडे उरलेत म्हणून थेट विचारते. आमच्या घराचे मागच्या बाजूचे वासे वाळवीने संपले. बोट दाबलं की भुसा होऊन आत जातं. बाबांनी कौलं उतरवून नवे वासे चढवायला घेतले, पंचायतीचं पत्र हातात होतं. चौथ्या दिवशी नोटीस आली: ना विकास क्षेत्रात बेकायदा बांधकाम, काम थांबवा, पंधरा दिवसांत खुलासा द्या. कौलं अंगणात रचून ठेवलीत आणि आजीची खाट पुढच्या सोप्यात आणलीय. खुलाशाचा नमुना कोणाकडे आहे का? लवकर हवाय.

निवृत्त_तलाठी
नमुन्याने भागणार नाही, बाई. आधी हे सांगा. भरतीरेषेपासून, म्हणजे भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथून, घर किती मीटर? सर्व्हे नकाशावर घराची आकृती आहे का? एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर नाव कुणाचं? आणि घर १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीचं असल्याचा कागद आहे का? किनाऱ्याची पहिली अधिसूचना त्या तारखेची. सगळा हिशोब तिथून सुरू होतो.

सुलू_म्हापसा
ताई, 'म्हजें घर' योजनेत अर्ज करा. आमच्या शेजाऱ्यांनी केलाय. सगळं नियमित होतं.

निवृत्त_तलाठी
सुलूताई, ती योजना जमिनीच्या हक्काची, आणि राज्याची. इथे अडलंय किनारा नियमन क्षेत्रात. ती अधिसूचना केंद्राची, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालची. राज्याच्या योजनेने ती ओलांडता येत नाही.

वेळेवरची_लाट
घर पणजोबांचं आहे, आणखी काय पुरावा हवा? समुद्र दीडेकशे मीटरवर असेल. जमीन भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या नावावर आहे, आम्ही मुंडकार, त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे. मला एवढंच कळत नाही की पंचायतीने हो म्हटलं तर दिल्लीचा आमच्या वाशांशी काय संबंध?

मांडवीकाठ
मुंडकार आहात तर १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली घराखालची जागा विकत घ्या. मामलेदाराकडे अर्ज करायचा. माझ्या आईच्या नावे आम्ही तसंच केलं. आधी आमच्या भाटकाराने नकार दिला, मग त्यांचा मुलगा परदेशातून आला...

पणजीवाला
मांडवीकाठ, ते नंतर. तिचा पाऊस तोंडावर आहे.
ताई, संबंध असा. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेड. त्यात गावांच्या बाजूला, सीआरझेड तीनमध्ये, पहिले २०० मीटर ना विकास क्षेत्र. तुम्ही नेमक्या त्यात. परवानगी देणारं गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण बसतं पणजीत, पण ते नेमतं केंद्रीय पर्यावरण मंत्रालय. पंचायतीचा ना हरकत दाखला त्याच्या जागी चालत नाही. हे पंचायतीने त्या पत्रातच लिहायला हवं होतं. माणूस विश्वासाने काम काढतो.

कोकणी_माणूस_७
घाबरू नका. २०१९ च्या अधिसूचनेने २०० चे ५० मीटर केलेत. तुमचं घर बाहेरच आलं. असा खुलासा लिहा आणि काम पुढे न्या.

पणजीवाला
कृपया असं सांगू नका, तिचं घर जाईल. ५० मीटर फक्त तिथे, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त वस्ती आहे. बाकी गावांना २०० मीटर कायम. आणि राज्याचा नवा किनारी व्यवस्थापन आराखडा मंजूर होईपर्यंत २०११ चीच अधिसूचना चालते. २०२२ मध्ये गोव्याचा जो आराखडा केंद्राने मंजूर केला, तोसुद्धा २०११ च्या अधिसूचनेखालचा.

कोकणी_माणूस_७
अकरा वर्षांनी आराखडा मंजूर होतो आणि तोपर्यंत गरिबाने छप्पर दुरुस्त करायचं नाही? किनाऱ्यावर दरवर्षी शॅक उभे राहतात ते दिसत नाहीत?

निवृत्त_तलाठी
तुमचा राग समजतो, पण सप्टेंबर ते मे हंगामी मांडव त्याच २०११ च्या अधिसूचनेत, गोव्याच्या कलमात आहेत. आणि त्याच कलमात स्थानिकांच्या, मच्छीमारांच्या घरांची दुरुस्ती आणि पुनर्बांधणी करता येते असं स्पष्ट लिहिलंय. लाटताई, तुमच्या बाजूने असलेला हा कागद आहे, तो वाचा. मात्र जोतं आणि चटईक्षेत्र जुनंच राहिलं पाहिजे.
आता खरं सांगा, नोटिशीत नेमकं काय लिहिलंय? नुसत्या वाशांवर अशी नोटीस येत नाही. आणि किनारा कुठला?

वेळेवरची_लाट
गावाचं नाव इथे देत नाही. मोरजी-मांद्रे नाही, हे विचारत असाल तर.
नोटिशीत 'भिंतीची वाढ' आणि 'काँक्रीट' लिहिलंय. मागची भिंत दोन थर चिऱ्यांनी वर घेतली, कौलांना उतार कमी पडत होता म्हणून. आणि न्हाणीवर स्लॅब टाकणार होतो. सळ्या येऊन पडल्यात. हे महत्त्वाचं आहे का?

निवृत्त_तलाठी
बाई, हेच महत्त्वाचं. हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं.

मांडवीकाठ
मोरजी-मांद्र्याला काय वेगळं आहे?

पणजीवाला
मोरजी, मांद्रे, गालजीबाग, आगोंद इथे कासवं अंडी घालतात. त्यांची नावं अधिसूचनेतच आहेत, नियम आणखी कडक.
ताई, आता असं करा. दोन थर उतरवा. सळ्या आवारातून हलवा. चारही बाजूंनी फोटो काढा. खुलाशात खोटं काही लिहू नका: वाळवी, छप्पर उघडं, चिरे वाढवले होते ते काढले, स्लॅबचा विचार सोडला. सुनावणी मागा. सोबत दुरुस्तीचा वेगळा अर्ज द्या, जोत्याची लांबी-रुंदी आणि जुनी उंची लिहून. पाऊस आल्यास ताडपत्री घालू द्यावी, हेही त्यात मागा.
आदेश विरुद्ध गेलाच तर राष्ट्रीय हरित लवादाच्या (पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या) पुणे पीठाकडे अपील असतं, ३० दिवसांत.

कोकणी_माणूस_७
पेडण्याहून पुण्याला? वाशांसाठी?

पणजीवाला
पुणे तरी टिकलं. २०१७ मध्ये केंद्राने गोव्याचे खटले दिल्लीला हलवले होते, उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मच्छीमाराने दिल्लीला कसं जायचं, याचा विचारच कुणी केला नव्हता. पण वेळेत खुलासा गेला तर तिथवर जायची पाळी बहुधा येणार नाही.

सुलू_म्हापसा
आमदारांना भेटून बघा ना एकदा.

वेळेवरची_लाट
भेटलो. ते म्हणाले, केंद्राचं आहे.
काल रात्री आजीची पत्र्याची पेटी उघडली. डांबराच्या गोळ्यांखाली, लुगड्याच्या घडीत घरपट्टीच्या पावत्या निघाल्या. सर्वांत जुनी १९८३ ची, आजोबांच्या नावाची. एक कोपरा कसरीने खाल्लाय पण घर क्रमांक आणि शिक्का वाचता येतो. चालेल?

निवृत्त_तलाठी
चालेल. हीच शोधत होतो आपण. मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नका, साक्षांकित प्रत द्या. सत्तरच्या दशकातल्या सर्व्हेचा नकाशा काढून त्यावर घराची आकृती दाखवा. भाटकाराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात मुंडकार म्हणून नाव असेल तर त्याचीही प्रत जोडा. खुलाशाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

वेळेवरची_लाट
बाबांनी आज सकाळी वरचे दोन्ही थर उतरवले. चिरे मोजून ठेवलेत, बेचाळीस. सोमवारी पणजीला जातोय. पणजीवाला दादा, तुम्हाला मसुदा पाठवला तर नजर टाकाल का?

पणजीवाला
पाठवा. रविवारी रात्रीपर्यंत बघतो.