शोध लागण्याआधी वस्तू अस्तित्वात असते, हे मान्य. पण त्यातून काय सिद्ध होते?

कोथरूडकर : पुण्यातील आयुका आणि आयसर या विज्ञान-संशोधन संस्थांतील संशोधकांनी २०१७ मध्ये ‘सरस्वती’ हा दीर्घिकांचा (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या प्रचंड तारकासमूहांचा) महासमूह शोधल्याचे जाहीर केले. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असल्याने त्याचा जो प्रकाश त्यांना दिसला, तो मानवजात जन्मण्याच्या कितीतरी आधी निघालेला होता. म्हणजे शोधापूर्वीही तो होताच. मात्र याच आधारावर आमच्या सोसायटीतील एक गृहस्थ ‘विज्ञानाला सापडली नाही म्हणून वास्तूतील ऊर्जा नाही, असे कसे म्हणता?’ असे विचारतात. त्यांचे नेमके कुठे चुकते?

पाषाणवासी : वाक्य बरोबर आहे, अनुमान चूक आहे. युरेनसच्या गणिताने काढलेल्या आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या कक्षेतील तफावतीवरून फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी एका अज्ञात ग्रहाचे स्थान गणिताने काढले आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत तो नेपच्यून जवळपास तिथेच सापडला. विशेष म्हणजे गॅलिलिओने १६१२-१३ च्या हिवाळ्यातच त्याची नोंद केली होती, पण तारा समजून! पुढे बुधाच्या कक्षेतील तफावतीसाठी ल व्हेरिए यांनीच सूर्याजवळ ‘व्हल्कन’ हा ग्रह कल्पिला, आणि तो पाहिल्याचे दावेही झाले. प्रत्यक्षात तो नव्हताच. ती तफावत १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताने ग्रहाविना उलगडली. तोच शास्त्रज्ञ, तीच रीत. तरी न सापडलेल्या दोन गोष्टींपैकी एक होती आणि एक नव्हती. ‘अजून सापडले नाही’ हे दोघांनाही सारखेच लागू होते, त्यामुळे त्यावरून निवाडा होत नाही.

दीर्घिकाप्रेमी : मूळ उदाहरणात एक गुंता आहे. त्या दीर्घिका आधीपासून होत्या, याबद्दल वाद नाही. परंतु कोणत्या दीर्घिका ‘सरस्वती’त मोजायच्या आणि सीमा कुठे आखायची, हे काही अंशी संशोधकांच्या निकषांवर ठरते. प्लूटोचेही तसेच : २००६ मध्ये त्याचा ग्रहाचा दर्जा गेला, त्याचे वस्तुमान तसूभरही घटले नाही. तेव्हा वस्तू आणि तिचे वर्गीकरण यांच्या अस्तित्वाबद्दल एकाच दमात बोलू नये. (हा भेद पाषाणवासींच्या मुद्द्याला बाधक नाही.)

कोथरूडकर : दोघांचेही आभार. व्हल्कन कुठे आणि केव्हा दिसावा, हे आधी सांगितले होते, म्हणून तो शोधता आला आणि नाकारताही आला. वास्तूतील ऊर्जा नसती तर घरात नेमके काय वेगळे आढळले असते, हे आता मी त्या गृहस्थांना विचारणार आहे.