तीनदा तीच स्थिती, पण कॅसलिंगचा हक्क गेलेला : बरोबरी धरायची का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. रविवारी ११ वर्षांखालील बुद्धिबळ स्पर्धेत माझी लेक काळ्याने खेळत होती, एक प्यादं वर. वेळ कमी उरल्यामुळे ती हत्ती डी८–डी७ मागेपुढे करत राहिली आणि समोरचा मुलगा राजा ई१–एफ१. २२व्या चालीनंतर त्याने तीनदा तीच स्थिती आली म्हणून बरोबरी मागितली. पंचांनी नोंदी पाहिल्या आणि दिली.

घरी तिच्या स्कोअरशीटवरून डाव परत मांडला. १८व्या चालीनंतर, म्हणजे पहिल्या वेळी, पांढऱ्याचा राजा आणि एच१चा हत्ती हललेलेच नव्हते. कॅसलिंगचा (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवण्याचा) हक्क शाबूत होता, नंतरच्या दोन वेळी राजा हलून गेल्यामुळे नव्हता. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियम ९.२ प्रमाणे मग त्या स्थिती सारख्या नाहीत, असं मला वाटतं. चाल तिन्ही वेळा पांढऱ्याचीच, तेही तपासलं.

दोघांनी सह्या केल्यात, पुढची फेरीही झाली. निकालासाठी भांडायचं नाही. पण पोर विचारतेय, तिला खरं उत्तर द्यायचंय. माझं वाचन बरोबर आहे का? आणि असा दावा आला तर सही करण्याआधी तिने पंचांना नेमकं काय सांगायचं?