जुन्या लॅपटॉपवर ब्राउझर रडतो म्हणून लॅपटॉपच बदलायचा का?

खटपट्या
या 'जुना झालाय, नवीन घ्या' वाल्या सल्ल्याचा मला आता वैताग आलाय. दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप, ब्राउझर उघडेपर्यंत चहा होतो, साइटवर गेलं की लाल त्रिकोण, आणि दुकानात नेला की उत्तर ठरलेलं, फॉरमॅट मारू नाहीतर एक्सचेंजला द्या. नेमकं बिघडलंय काय हे कोणी बघतच नाही. परवा शेजारच्या काकांचा लॅपटॉप आणलेला, एक साइट उघडेल तर शपथ, सगळीकडे 'कनेक्शन प्रायव्हेट नाही'. खाली कोपऱ्यात घड्याळ बघितलं तर साल २०१२! मदरबोर्डवरचा सेल मेलेला, चार्जर काढून बंद केला की तारीख मागे जाणार, आणि साइटचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याचा, ठरावीक मुदतीचा दाखला) त्या तारखेला जन्मालाच आलेलं नसतं मग ब्राउझर तरी काय करेल. क्रोम तर स्पष्ट लिहितो की तुमचं घड्याळ मागे आहे, पण तो लाल त्रिकोण बघून माणूस घाबरतो आणि खालचं वाचतच नाही. सीआर२०३२ सेल, किराणा दुकानातसुद्धा मिळतो. (काही लॅपटॉपात तो वायरवाला असतो, तिथे सुटा सेल बसत नाही, आधी उघडून बघा मग घ्या.)
माझं म्हणणं एवढंच, ब्राउझरच्या निम्म्याहून जास्त तक्रारी अशाच फुटकळ निघतात. पटत नसेल तर बोला.

सायबर_सावध
नाही पटत. काकांच्या लॅपटॉपवर विंडोज कुठलं ते सोयीस्करपणे लिहिलं नाहीत. ७ असेल तर मायक्रोसॉफ्टने त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबवलेत. क्रोम तिथे १०९ व्या आवृत्तीवर अडकलं, फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेलं ११० विंडोज १० पासून पुढेच चालतं. म्हणजे तेव्हापासून क्रोममध्ये जेवढी भोकं सापडली त्यातली बरीचशी त्या मशीनवर उघडी आहेत, आणि कसं आत शिरायचं हे आता जगजाहीर आहे. सेल बदलून साइट उघडायला लागली आणि काका खुशाल नेटबँकिंग करत बसले, हे तुम्ही चांगलं केलंत की वाईट?

खटपट्या
अहो 'हळू' आणि 'असुरक्षित' हे दोन वेगळे आजार आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला कशाला. ७ वर क्रोम वापरूच नका, फायरफॉक्सची ११५ ईएसआर (जास्त काळ सुरक्षा अपडेट मिळणारी आवृत्ती) टाका. जुलै २०२३ ची आहे, पण ७, ८ आणि ८.१ वाल्यांसाठी मोझिलाने तिचे सुरक्षा अपडेट त्यानंतरही चालू ठेवले, मुदत एकदा नाही अनेकदा वाढवली. फक्त ११५.१३ च्या आतली असेल तर तिच्यातलं एक मूळ सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ ला संपलंय, ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम म्हणजे अ‍ॅड-ऑन बंद पडतात. 'माझा अ‍ॅडब्लॉकर आपोआप गायब झाला' म्हणणारे बरेचसे यातले.

सायबर_सावध
ब्राउझर ताजा पण खालचं विंडोज शिळं, याला सुरक्षित म्हणत नाहीत. आणि ती मुदत थोडी थोडी वाढवलेली आहे, कायमची नाही. बँकेचं काम मोबाइलवर करा आणि लॅपटॉपवर फक्त पेपर वाचा, असं म्हणालात तर वाद मिटला.

छपाईवाला
मी विंडोज ७ वालाच. हौस नाही हो, प्रेस आहे. जुनं डीटीपी सॉफ्टवेअर, त्याचा डोंगल (पोर्टला लावायची किल्ली, ती नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही), युनिकोडच्या आधीचे फॉन्ट, पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आणि स्मरणिका सगळ्या त्यात. नव्या विंडोजवर तो डोंगल ओळखलाच जात नाही आणि सॉफ्टवेअर नव्याने घ्यायचं तर लॅपटॉपपेक्षा तेच महाग पडतं. पण गिऱ्हाईक मजकूर पाठवतं व्हॉट्सअ‍ॅपवर नाहीतर मेलवर, म्हणजे ब्राउझर लागतोच. 'बदला' म्हणणं सोपं आहे साहेब.

सायबर_सावध
मग त्या मशीनचं नेट काढून टाका. मजकूर मोबाइलवर घ्या, पेनड्राइव्हने टाका. जुनं सॉफ्टवेअर चालवायला नेट लागत नाही.

छपाईवाला
आणि पेनड्राइव्ह काय गंगेत न्हाऊन येतो का? पत्रिका छापायला येणाऱ्या पोरांच्या पेनड्राइव्हमधून जेवढे व्हायरस आलेत तेवढे नेटवरून कधी आले नाहीत.

वऱ्हाडी_बिट्स
काहून भांडून राह्यले बे. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट टाका ना, एक्सएफसीई म्हणतेत ते हलकं वालं, फुकट हाय, फायरफॉक्स ताजा भेटते, ४ जीबीत मस्त चालते. अन् विंडोज १० वाले बी आता त्याच रांगेत हायत, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचाही कारभार आटोपला, वरून जी वर्षभराची मुदत देल्ली ती काही कायमची नाही. ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पायजे, इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर पायजे. २०१६ चा आय५, ८ जीबी रॅम, एसएसडी, यात ब्राउझर चालवाले काय कमी हाय सांगा बरं? तो भंगारात टाकाले लावनारा सल्ला कोणाच्या फायद्याचा हाय ते समजून घ्या.

मास्तरीणबाई
वऱ्हाडी भाऊ, लिनक्स तुम्हाला सोपं हो. माझ्या शाळेत तीन शिक्षक एकच लॅपटॉप वापरतात, प्रिंटर बोलत नाही म्हणून फोन मलाच येतो. मिस्टरांकडे जीएसटीची कामं असतात, त्यांचा डिजिटल सहीचा डोंगल आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवरच नीट चालतं, त्यामुळे घरीही तो विषय बंद.
पण खटपट्या म्हणतात त्यात तथ्य आहे. शाळेच्या लॅपटॉपवर दर दोन मिनिटांनी कोपऱ्यातून 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस' यायचं, सगळे म्हणाले फॉरमॅट करा. व्हायरस नव्हताच. कोणीतरी निकालाच्या नावाच्या कुठल्यातरी भुक्कड साइटवर 'अलाऊ' दाबलेलं, ती साइट नोटिफिकेशन पाठवत होती. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन, तिथली अनोळखी नावं काढली आणि शांतता. शिवाय त्यावर दोन अँटिव्हायरस होते, एक आधीच्या मुख्याध्यापकांनी टाकलेला, एक आताच्या. दोघं मिळून एकच फाइल तपासत बसायचे, एक काढला तेव्हा लॅपटॉपने श्वास घेतला.

फ्रेम_ड्रॉप
व्हिडिओबद्दल कोणीच बोललं नाही, जुन्या लॅपटॉपची सगळ्यात मोठी बोंब तीच. 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा' (म्हणजे चित्राचं काम ग्राफिक्स चिपकडे देणं थांबवा) हा सल्ला जो तो डोळे मिटून देतो, तो मला अजिबात मान्य नाही. काळे चौकोन दिसत असतील, स्क्रीन फाटत असेल, तर ड्रायव्हरचा घोळ, तेव्हा बंद करून बघा. नुसता अडखळत असेल तर बंद केल्याने सगळा बोजा प्रोसेसरवर जातो आणि पंखा विमानासारखा ओरडतो. खरं कारण वेगळंच असतं. यूट्यूब बरेच व्हिडिओ व्हीपी९ मध्ये पाठवतं (व्हिडिओ दाबून लहान करायची ही एक पद्धत, एच.२६४ ही तिच्या आधीची दुसरी) आणि २०११ च्या दुसऱ्या पिढीच्या आय३-आय५ ला हार्डवेअरमध्ये एच.२६४ तेवढं उलगडता येतं, व्हीपी९ पूर्णपणे यायला सातवी पिढी उजाडावी लागली. एच.२६४ च पाठव असं यूट्यूबला सांगणारी छोटी एक्स्टेन्शन मिळतात, ती टाका आणि ७२० वर बघा. फुल एचडी त्या स्क्रीनला तशीही दिसत नाही.

सायबर_सावध
घ्या, आता एक्स्टेन्शनपण टाकायची. प्रत्येक एक्स्टेन्शनला 'सर्व साइटवरचा डेटा वाचा आणि बदला' ही परवानगी देताना वाचता का कोणी?

फ्रेम_ड्रॉप
हे यूट्यूबपुरतीच मागतं. वाचूनच टाकलंय.

खटपट्या
सावध साहेब, बँक जुन्या विंडोजवर नको, हे मला आधीपासून मान्य आहे, त्यावर वाद नाही. माझा वाद निदान न करता निकाल देण्याशी आहे. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबा, त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, कुठला टॅब किती मेमरी खातोय ते तिथे कळतं. मग विंडोजचा टास्क मॅनेजर बघा. मेमरी भरलेली आणि हार्डडिस्कचा दिवा सतत पेटलेला, म्हणजे रॅम संपून सगळं डिस्कवर ढकललं जातंय, तिथे ब्राउझर बदलून काही फरक पडत नाही. रॅम वाढवा, हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. तेवढ्या पैशात नवीन लॅपटॉपची बॅगसुद्धा चांगली येत नाही.

छपाईवाला
माझा २ जीबीवर आहे. ४ ची पट्टी टाकली तर चालेल ना?

वऱ्हाडी_बिट्स
आधी कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहा, सिस्टम टाइप ३२ बिट हाय का ६४. ३२ असन तर ४ जीबी टाकूनबी सगळी दिसत नाही, सव्वातीनच्या आसपास अडकते. अन् पट्टी घेतानी डीडीआर२ हाय का डीडीआर३ ते जुन्या पट्टीवर पाहून घ्या, एकीची खाच दुसरीले बसत नाही.

छपाईवाला
३२ बिट आहे. डोंगलचा ड्रायव्हर पण ३२ चाच.

सायबर_सावध
मग सव्वातीनवर समाधान माना, ११५ ईएसआर टाका, आणि मेलचा पासवर्ड बँकेच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा. मत माझं तेच आहे, पण तुमचा डोंगल काही माझं मत वाचून चालणार नाही.