डीजीपीएसवर उंची उणे 58 मीटर! पाटाच्या सर्व्हेला कुठली उंची धरू?

पाटकरी_रत्नागिरी
नमस्कार मंडळी. बंधाऱ्यापासून शेतांपर्यंत 6 किमीच्या पाटाचा सर्व्हे हाती घेतलाय. उतार 1:2000, म्हणजे किलोमीटरला जेमतेम अर्धा मीटर. आजवर टोटल स्टेशन आणि ऑटो लेव्हल या जमिनीवरच्या दुर्बिणींवरच काम केलं, उपग्रहावरून जागा-उंची मोजणारा डीजीपीएस पहिल्यांदाच भाड्याने आणलाय. खाडीकाठच्या शेतात रोव्हरने (त्याच्या फिरत्या रिसीव्हरने) उंची दाखवली -58.4. फिक्स, म्हणजे पक्की अचूक जागा, मिळालेला होता, अँटेनाची उंची दोनदा तपासली. बेंचमार्कवरून (उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवरून) लेव्हल आणली तर त्याच जागेचा आरएल, म्हणजे समुद्रसपाटीपासूनची उंची, 8.9. मशीन बिघडलंय का? की 67.3 सरसकट मिळवून पुढे जाऊ?

लेव्हलवाला
मशीन ठणठणीत आहे, दादा. उपग्रहावरून मिळते ती इलिप्सॉइडपासूनची उंची. इलिप्सॉइड म्हणजे पृथ्वीचा गणिताने बसवलेला गुळगुळीत आकार. तुमचा आरएल मात्र सरासरी समुद्रसपाटीपासूनचा, आणि ती सपाटी गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वरखाली होते. तिला जिऑइड म्हणतात. आपल्याकडे जिऑइड इलिप्सॉइडच्या बराच खाली आहे. कोकणात साठ-सत्तर मीटर, बंगळूरला 86 च्या आसपास, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रात सुमारे 106 मीटर. जगात इतका खोल जिऑइड दुसरीकडे कुठेच नाही. म्हणून किनाऱ्यावरच्या जमिनीलाही उणे आकडा येतो.

कंट्रोलरमध्ये जिऑइड फाइल, म्हणजे कुठे किती फरक ते सांगणारी फाइल, चढवलेली आहे का ते आधी बघा. नसेल तर ईजीएम2008 हे जागतिक जिऑइड मॉडेल टाका.

शिवार_मोजणी
एखादं घर बांधायचं असेल तर सरसकट 67.3 चालून जाईल. पाटाला अजिबात नको. हा फरक जागेगणिक बदलतो. समजा किलोमीटरला 5 सेंटीमीटर बदलला, तर तुमच्या 50 सेंटीमीटर उतारातला दहावा हिस्सा गेला. पाणी गुरुत्वाच्या ओढीने वाहतं. लेव्हलचा बुडबुडाही त्याच ओढीने बसतो, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

एका कामात मी स्वतः फसलोय. दोन पार्ट्या दोन टोकांकडून येत होत्या, एकीकडे ईजीएम96 या जुन्या मॉडेलची फाइल, दुसरीकडे 2008 ची. मधे जोड आला तिथे पायरीच पडली. अख्खा आठवडा परत मोजणी केली.

पाटकरी_रत्नागिरी
म्हणजे 2008 ची फाइल टाकली की झालं? आणि भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्सवरून (कायम चालू असलेल्या उपग्रह-स्थानकांवरून) बेस, म्हणजे रोव्हरचा संदर्भबिंदू, घेतला तर?

लेव्हलवाला
कॉर्सने तुमचा बेस जागेवर पक्का बसतो, पण उंची तिथेही इलिप्सॉइडचीच. आणि फाइल टाकूनही आकडा बेंचमार्कशी तंतोतंत जुळेल असं धरू नका. आपले जुने जीटीएस (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे) बेंचमार्क 1909 च्या समायोजनावर, म्हणजे देशभरच्या उंच्या एकमेकींशी जुळवून घेतलेल्या हिशेबावर, उभे आहेत. कराची, मुंबईचं अपोलो बंदर, कारवार, कोचीन, मद्रास अशा नऊ ठिकाणी भरती-ओहोटी मोजून तिथली सरासरी सपाटी शून्य धरली. प्रत्यक्षात समुद्र सगळीकडे एका पातळीत नसतो. जागतिक मॉडेलचं शून्य वेगळं, आपलं वेगळं.

शिवार_मोजणी
म्हणून माझा सल्ला असा. पाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेले निदान चार बेंचमार्क धरा, एका रेषेतले नकोत. नसतील तर ऑटो लेव्हलने डबल लेव्हलिंग (जाऊन-येऊन दोनदा मोजणी) करून आणा. प्रत्येकावर रोव्हर ठेवून फरक काढा. तिघांवरच्या फरकांवरून एक तिरकं प्रतल बसवा आणि चौथ्यावर ते खरं उतरतंय का बघा. सुपारीच्या बागेत उपग्रह नीट दिसत नाहीत, तिथे रोव्हरच्या नादी लागू नका. आणि नकाशावर उंची कुठल्या शून्यापासून आहे ते ठळक लिहा. मुंबईत गटारांच्या पातळ्या टाऊन हॉल डेटम या शहराच्या स्वतःच्या शून्यावर असतात, बंदराच्या चार्टवर शून्य तिसरंच. नुसता आकडा वाचणाऱ्याला काय कळणार?

पाटकरी_रत्नागिरी
मनापासून आभार! आज तीन बेंचमार्कवर रोव्हर ठेवून फरक पाहिला. खाडीकडे 67.30, मधे 67.21, बंधाऱ्याशी 67.08. सरसकट धरलं असतं तर बंधाऱ्याशी 22 सेंटीमीटरची चूक झाली असती. चौथा बेंचमार्क पुलाच्या कठड्यावर आहे असं गावातले जुने पाटकरी सांगतात, उद्या सकाळी शोधायला जातो.